यास्मिनच्या अब्बांचा डावा कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि यास्मिनला — जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढे तोंड उघडतंय.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खूप आहे. मी कोल्हापुरात वकिली करते. माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांच्या पेन्शनच्या केसेस चालवते. कागल, आजरा, गडहिंग्लज — कुठून कुठून माणसं येतात, ऑफिसातल्या बाकावर ताठ बसतात, पाणी विचारलं की उभी राहतात. निकाल हातात पडल्यावर एखादी म्हातारी माझा हात उचलून स्वतःच्या गालाला लावते. असं काम किती जणांना मिळतं? रोज सकाळी कुलूप उघडताना मनात आभारच असतात. पण हे काम मला मिळालं कसं — ते सांगायचंय.

आमच्या लॉ कॉलेजात एक फेलोशिप होती. सैन्याचा कायदा शिकायचा आणि वर्षभर निवृत्तीनंतर वकिली करणाऱ्या एका कर्नलसाहेबांच्या हाताखाली माजी सैनिकांच्या केसेसवर काम करायचं. जागा एकच. अर्ज बऱ्याच जणांनी केले, पण तिच्यावर जीव टाकलेल्या आम्ही दोघी — मी आणि यास्मिन.

यास्मिन माझी जिवलग मैत्रीण. मी मंगळवार पेठेतल्या कापड दुकानदाराची मुलगी, आमच्या घराण्यात सैन्यात कधी कुणी गेलेलं नाही. तिचे अब्बा मात्र तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कागलजवळच्या एका गावात राहायचे. मी त्यांना चाचा म्हणायचे. तोफांच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता, आणि लष्करी डॉक्टरांच्या बोर्डानं शेरा मारला होता की हे बहिरेपण नोकरीमुळे आलेलं नाही. म्हणून अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा चाचांनी मला दुसऱ्या बाजूला बसवलं. "हितं बस पोरी, ह्या अंगाला. त्या कानात काय शिरत न्हाय." घरातले सगळेच त्यांच्या उजवीकडे बसत. डावीकडची चटई रिकामी. परत येताना एसटीत यास्मिन सहज म्हणाली, "आम्ही भावंडं लहानपणापासून अब्बांची एकच बाजू बघितलोय."

मुलाखतीच्या दिवशी माझा नंबर तिच्या आधी होता.

आत तिघं होते, मधे कर्नलसाहेब. या कामात का यायचंय, असं त्यांनी विचारलं. मी नियम सांगितले, कलमं सांगितली. पाठच केली होती सगळी. त्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "हे पुस्तकात आहे. तुम्हाला का यायचंय?"

काय सांगणार होते मी? यायचं तर मनापासून होतं — पण का, ते सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. आणि तोंडातून निघालं, "माझे मामा तोफखान्यात होते."

माझे मामा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. दोन्ही कान ठणठणीत.

घाबरून निसटलं म्हणू? पहिलं वाक्य — असेल. पुढचं नाही. पुढं मी कान सांगितला, बोर्डाचा शेरा सांगितला, रिकामी चटई सांगितली. "आम्ही लहानपणापासून मामांची एकच बाजू बघितली," असं म्हणाले तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. ते मी बघितलं. बघून बरं वाटलं मला — हेही सांगायलाच हवं. बाहेर बाकावर यास्मिन बसलीय, आता तीच आत येणार, हे माहीत असताना बरं वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मी खोटं बोलतोय असंच वाटलं गं त्यांना. ही गोष्ट कुठं ऐकलीस, म्हणून विचारले. माझ्या अब्बांची म्हटलं, तर एकमेकांकडं बघून हसले. असं का केले असतील?"

दार उघडंच होतं. ते तिघं आत बसलेले दिसत होते. चार पावलं आत जायला काय लागत होतं? मी म्हणाले, "जाऊ दे गं. चल, चहा घेऊ."

आणि आम्ही चहा घेतला. पैसे तिनं दिले, कारण माझी मुलाखत चांगली झाली होती म्हणून ती खूश होती.

फेलोशिप मला मिळाली. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष. समोरचा बोलत असताना मान वर करून ऐकायचं, मग लिहायचं — हे कर्नलसाहेबांनी शिकवलं. त्यांचं ऋण मोठं आहे.

त्याच वर्षी यास्मिननं चाचांना माझ्याकडे पाठवलं. चाचा माझ्या टेबलाशेजारी बसले. कर्नलसाहेब कागद चाळत होते. ते थांबले आणि मला म्हणाले, "तुमच्या मामांसारखंच की हे! तुमची निवड केली ती त्याच गोष्टीमुळे."

त्यांना माझी गोष्ट आठवत होती. माझ्यानंतर तीच सांगणारी मुलगी आठवत नव्हती.

मी म्हणाले, "हो सर."

चाचा माझ्याकडं वळले. साहेब त्यांच्या डाव्या बाजूला होते, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणले गं साहेब?"

"केस चांगली आहे म्हणाले, चाचा."

"व्हय? मग झालं की!" केवढे हसले ते! त्यांच्या बहिरेपणाचाही मी फायदा घेतला. त्याच बहिरेपणासाठी त्यांना न्याय मिळवून द्यायला बसले असताना.

केस मी जीव तोडून तयार केली. मुंबईला न्यायाधिकरणापुढं कर्नलसाहेबांनी चालवली आणि आम्ही जिंकलो. बहिरेपण नोकरीमुळेच, असा निकाल झाला. चाचांनी तेवढी ओळ मला मोठ्यानं वाचायला लावली, मग चाचीला बोलावून पुन्हा वाचायला लावली. "बघ. म्या काय सोंग करत नव्हतो." चाचीनं माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वांग्याची भाजी केली होती, कारण आम्ही लिंगायत. यास्मिन भाकरी वाढता वाढता म्हणाली, "बरं झालं फेलोशिप तुला मिळाली. मला घरच्यांची केस धड लढता आली नसती."

त्या वाक्याला मी किती वर्षं धरून बसले! झालं ते चांगल्यासाठीच, असं स्वतःला समजावत राहिले. पण तिनं ते म्हटलं, कारण तिला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या माणसानं दिलेली माफी कुठली माफी?

यास्मिन आता जिल्हा न्यायालयात जमिनीच्या वाटण्यांचे दावे चालवते. चांगलं चाललंय तिचं. पण स्वतःबद्दल, घराबद्दल चारचौघांत ती काही सांगत नाही. मध्ये बार असोसिएशनच्या कार्यक्रमात तिला अब्बांबद्दल बोला म्हणून आग्रह झाला. ती हसून म्हणाली, "नको. मी सांगितलेलं खरं वाटत नाही लोकांना." सगळे हसले. मी तिच्या शेजारी बसले होते. मीही हसले.

चाचांनी मला लेक मानलं. चाचीच्या हातचं मी अजून जेवते. माझं घर ज्या कामावर उभं आहे, ते या लोकांमुळे मला मिळालं, आणि त्यांच्याबद्दल मला प्रेमाशिवाय दुसरं काही वाटत नाही. ते प्रेम खरं आहे. पण मी केलं ते त्यानं पुसलं जात नाही.

त्या खोलीत मी म्हणायला हवं होतं, ते आज इथं म्हणते. यास्मिन त्या दिवशी खरं बोलत होती. गोष्ट तिची होती, अब्बा तिचे होते. खोटं मी बोलले होते.