इतिहासकाराच्या ठशांवर पाय ठेवत

वाळवंटात जायचं ठरलं ते माझ्याच हौसेपायी. इथे आखातात आमच्या मराठी मंडळात एका वृद्ध ब्रिटिश इतिहासकारांचं व्याख्यान झालं. अनोळखी मुलुख धुंडाळणाऱ्या प्रवाशांवर त्यांनी आयुष्यभर पुस्तकं लिहिली. म्हणाले, "इथल्या एका जुन्या विहिरीबद्दल लिहायचंय. पण जिथे मी चाललो नाही, तिथलं मी लिहीत नाही." मी लगेच हात वर केला, "आम्ही नेतो!" मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कपाळावर हात मारला.

शुक्रवारी लेकीला, अन्वीला, शेजारी सोडून आणि इतिहासकार साहेबांना गाडीत घेऊन खैतानच्या घरून निघालो. तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा, टाकी पूर्ण भरा, पाणी गरजेच्या दुप्पट घ्या. वाटेत जहरा गावात फलाफल आणि गरम खबुस रोट्या बांधून घेतल्या. स्वस्त आणि पोटभर. सालमी रोड सोडून वाळूत उतरताना मिलिंदने साहेबांना बजावलं, "चाकांच्या खुणा सोडून एक पाऊलही टाकायचं नाही. जुन्या युद्धातले सुरुंग अजून निघतात." साहेबांनी मान डोलावली.

एका उंचवट्याजवळ थांबलो. वारा सुटला होता. मी थर्मासमधून चहा ओतला, वळून बघते तर साहेब हातात नकाशा घेऊन दूरच्या ढिगाऱ्याकडे निघालेले! हाका मारल्या. वारा उलटा, त्यात त्यांचे कान अधू. मिलिंदने हॉर्न दाबला, तर त्यांनी हसून हात हलवला आणि पुढे चालू लागले.

"पोलिसांना फोन करतो," मिलिंद म्हणाला.

"ते येईपर्यंत ठसे बुजतील. मग साहेब परत कोणत्या खुणेवर येणार?"

"मग मी जातो."

"तुझा पाय त्यांच्या बुटाहून मोठा आहे. माझा मावतो."

"अगं, अन्वी वाट बघतेय!"

पण पाहुणा मी आणला होता.

त्यांच्या बुटाच्या एकेका ठशात पाऊल ठेवत गेले. तोंडी रामरक्षा, तीही मधेच विसरलेली. साहेब ढिगाऱ्यापाशी उभे होते. "विहीर नाही, कोणी तरी टायर टाकलेत," म्हणाले. मग माझा चेहरा बघितला, मान वळवून आपले ठसे बघितले आणि पांढरेफटक पडले.

परतताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. दिशा चुकू नये म्हणून मिलिंद हॉर्न वाजवत राहिला. गाडीजवळचे ठसे वाऱ्याने पुसले होते. तेवढी पावलं आम्ही अंदाजाने टाकली. त्या पावलांबद्दल मला लिहिता येत नाही.

मिलिंदने गाडी परत सालमी रोडला घातली. मग साहेब म्हणाले, "मी त्या प्रवाशांच्या कितीतरी रोजनिश्या वाचल्या. भीती वाटली, असं फार थोडे लिहितात. ज्यांनी लिहिलं, त्यांचंही मी पुस्तकातून गाळलं. कंटाळवाणं वाटायचं."

घरी आले. बुटांतून वाळू निघाली, ती झाडायचंही धाडस होईना. अन्वीने विचारलं, "आई, वॉज इट फन?"

सवयीने 'मस्त' म्हणणार होते. म्हटलं, "नाही गं. भीती वाटली. खूप भीती वाटली."

ती माझ्याशी नेहमी इंग्रजीतच बोलते. पण गळ्यात हात टाकून म्हणाली, "मग परत जाऊ नकोस."