जिवादादाचा खडा

बोलताना तो उजव्या हाताची पाचही बोटं उघडी ठेवायचा. कुणाच्याही बांधावरून जाताना नागलीचं, म्हणजे नाचणीचं, एक कणीस खुडायचा, तळहातावर चोळायचा, फुंकर मारून दाणे तोंडात टाकायचा. बशीतला चहा कुत्र्याला द्यायचा, कपात उरलेला स्वतः प्यायचा. ओळखीच्या ड्रायव्हरची एसटी दिसली की हात करायचा आणि गाडी थांबली की म्हणायचा, "जा रं, सहजच." चालता चालता सदऱ्याचा खिसा चाचपायचा. खडा आहे ना, ते बघायला.

या सवयी गेलेल्या माणसाच्या आहेत, हे सपनाला अजून पटत नाही.

खोडाळ्याजवळच्या पाड्यांवर जुनी बियाणी जपणारा एक गट आहे. जिवादादा त्याचा म्होरक्या होता. जव्हारच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेली सपना गटाचं लिहायचं काम करायला आली, तेव्हा बैठक बाजाराच्या दिवशी मोहाच्या झाडाखाली भरायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं, यातच दुपार कलायची. शेवटी कामं निघाली की सगळे म्हणत, "होईल." आणि काहीच व्हायचं नाही. चारचौघांत तोंडावर नाही म्हणणं म्हणजे जेवत्याला ताटावरून उठवणं. ते कुणाला जमत नसे.

मग जव्हारला एक शिबिर झालं. ध्येय नेमकं हवं, मोजता यावं, झेपेल असं हवं, उपयोगाचं हवं आणि त्याला मुदत हवी, असं तिथं पडद्यावर दाखवलं. जिवादादानं एकेक मुद्दा एकेका बोटावर बसवला. परतीच्या एसटीत तो सगळी वाट बोटांशीच बोलत होता.

पुढच्या बैठकीत त्यानं पंजा वर केला. "आता टारगेट ठरवायचं."

गटातली धोंडीबाई म्हणाली, "ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर होतास, तिथला मुकादम आला का अंगात?"

"तू बोल. काय करशील?"

"सगळंच करीन."

"कधी?"

"होईल की!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं जिवादादाच. घरी त्यानं बायकोला, रामीला, भाकऱ्या किती आणि कधीपर्यंत असं विचारलं. तिनं पिठाची परात त्याच्यापुढे सरकवली. "घे. तुझंच टारगेट."

त्यानंतरच्या बाजाराला तो सुपात ओढ्यातले खडे घेऊन आला. सूप मधोमध ठेवलं.

"काम सांगायचं. झेपंल त्यानं खडा उचलायचा. नसंल झेपत तर हात मांडीवर. तोंडानं नाय म्हणायची गरजच नाय. काम झालं की खडा परत सुपात. मुदत पुढच्या बाजाराची."

"आणि नाय झालं तर?"

"खिशात घेऊन फिर. खडा टोचंल तुला. आम्ही नाय टोचणार."

पहिलं काम होतं बियाण्याच्या खोलीचं छप्पर. सगळ्यांचे हात मांडीवर. शेवटी धोंडीबाईनं तोंड वाकडं करत सगळ्यात बारका खडा उचलला. पुढच्या बाजाराला तिनं तो लांबूनच सुपात फेकला. टप्प. त्या आवाजाची मग सगळ्यांना चटकच लागली. बैठकी आटोपशीर झाल्या. माणसं बाजार उठायच्या आत मोकळी होऊ लागली.

जिवादादाच्या खिशातला खडा मात्र जुना झाला होता. साखरशेत गावच्या गौराबाईकडे लवकर पिकणाऱ्या नागलीचं बी आहे, ते आणायचं काम त्या खड्याचं. तेच बी त्याची आई पेरायची. तो ठाण्याला होता त्या वर्षांत घरातून ते गेलं. गौराबाई नुसतं मागितलं म्हणून देत नाही. "डब्यात ठेवायला बी नाय देत. माझ्यासंगं पेर, मग ने," म्हणते. गेल्या पावसात गटाच्या कामातून त्याला सवड झाली नाही. बी जुनं होत चाललंय. यंदा पेरलं नाही तर पुढे उगवणार नाही.

"यंदा पहिला पेरा तिथंच," त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

वैशाखात, बाजारातून घरी येऊन तो अंगणात टेकला तो उठलाच नाही. सकाळीच सपनानं त्याला एसटी थांबवताना पाहिलं होतं.

पुढच्या बैठकीला रामी आली. खडा तिनं सुपात टाकला नाही. सुपाशेजारी मातीवर ठेवला.

"सदरा धुवायला काढला, तवा निघाला. काम झालं नाय त्याचं."

सगळ्यांचे हात मांडीवर. पेरणीच्या दिवसांत जो तो आपापल्या वावरात असतो. सपनाच्या घरचं शेत भाऊ बघतात. तिनं आजवर एक दाणाही पेरलेला नाही. 'होईल' हा शब्द तिच्या ओठांवर आला. तिनं तो गिळला आणि खडा उचलला.

"तुला पेरता येतं का गं?" धोंडीबाईनं विचारलं.

"नाही. गौराबाई शिकवेल."

साखरशेतला पेऱ्याच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून तयार आहे. आभाळ भरून येतंय. बी अजून गौराबाईच्या मडक्यातच आहे.