मशीनच्या पिल्लांना कोंबडीचा आवाज

काकींच्या परसात मी उकिडवा बसून खुडूक कोंबडीचा आवाज काढत होतो. समोर चुलीच्या लाकडांच्या ढिगाखालून पन्नासेक पिल्लं माझ्याकडे बघत होती. एकही पुढे येत नव्हतं. पडवीत खुर्ची टाकून बसलेले अण्णा, म्हणजे काकींचे मिस्टर, तेही बघत होते.

"घसो बसलो काय रे तुझो?" अण्णांनी विचारलं.

खुडूक कोंबडी म्हणजे अंड्यांवर बसणारी, मग पिल्लं घेऊन फिरणारी. तिचा तो घोगरा 'क्लक क्लक' मी शाळेच्या गॅदरिंगपासून करतोय. हेडमास्तरांचा आवाज काढून मार खाल्ला, कोंबडीचा काढून बक्षीस. हॅचरीच्या इंटरव्ह्यूत सरांनी पोल्ट्रीचा अनुभव विचारला तेव्हा मी दुसरं काही सांगण्यासारखं नसल्यामुळे हाच आवाज काढला. सर हसले आणि मी फील्ड सुपरवायझर झालो.

काम सोपं. एक दिवसाची पिल्लं लोकांना द्यायची. पहिले काही आठवडे ती घरात ब्रूडरमध्ये ठेवायची. ब्रूडर म्हणजे फार काही नाही. पत्र्याचा गोल, खाली भाताचा तूस, वर ऊब द्यायला बल्ब. अंगावर पिसं आली की बाहेरच्या खुराड्यात हलवायची. याला आम्ही शिफ्टिंग म्हणतो.

तळेऱ्याहून देवगडकडे जाताना आत वळलं की काकींचा गाव लागतो. त्या गावात पिल्लं घेणाऱ्या काकी पहिल्या. ही बॅच जगली तर बाकीच्या बायका घेणार होत्या. आणि बायकांनी घेतली तर सर मला पर्मनंट करणार होते. नाहीतर कोंबडीचा आवाज घेऊन घरी.

अडचण एकच होती. काकींनी ब्रूडर नेमका गणपतीच्या खोलीत लावला होता. घरात ऊबदार खोली तीच. चतुर्थी तोंडावर आली, मुंबईचा मुलगा बाबू येणार, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीला रंग द्यायला माणूस येणार.

"मी तळेऱ्याक बाजाराक जातंय," काकी दुपारी मला म्हणाल्या. "मी परत येयसर पिल्लां खुराड्यात गेलेली व्हयी. जमात मा?"

"काकी, तासाचं काम."

शिफ्टिंगचा नियम मी स्वतःच ट्रेनिंगमध्ये सांगतो, तोही सरांच्या आवाजात. "पिल्लं अंधार पडल्यावर हलवावीत. तेव्हा ती पेंगुळलेली असतात. हाताने उचलून थेट आत ठेवावीत आणि दोन-तीन दिवस दार उघडू नये. म्हणजे हेच आपलं घर हे त्यांना कळतं." बायका खूप हसतात. सरांसारखं नाक ओढतो म्हणून.

पण अंधारात रील कसं निघणार? मला उजेड हवा होता. मी फोन दगडावर टेकवला, क्रेट खुराड्याच्या दारासमोर ठेवला आणि उघडला. पिल्लं वरातीसारखी रांगेने आत जाणार आणि मी मागून क्रिकेट कॉमेंट्री करणार, असा प्लॅन होता. पिल्लांनी पहिल्यांदा आभाळ बघितलं. वरून एक कावळा गेला. पुढच्या क्षणी परसात मी आणि रिकामा क्रेट.

मग मी पळापळ केली. एक पिल्लू धरायला गेलो आणि माडाच्या आळ्यात गुडघाभर चिखलात बसलो. दुसरं माझ्या पायाखालून गेलं. नंतर सगळी त्या लाकडांखाली शिरली.

"कडेक मुंगसाचा बीळ आसा," अण्णा म्हणाले. "दीस कललो की भायर येता."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, जणू पाहुणा यायचाय.

तेवढ्यात सरांचा फोन. "शिफ्टिंग झालं?"

"ऑलमोस्ट, सर."

"ऑलमोस्ट म्हणजे?"

"घराबाहेर काढलीत, सर."

यात खोटं काही नव्हतं.

म्हणून मी शेवटचं हत्यार काढलं, खुडूक कोंबडी. जीव ओतून केली. मान हलवली, पंख पण केले. आणि पिल्लं नुसती बघत राहिली. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ही मशीनमध्ये जन्मलेली, बल्बाखाली वाढलेली. त्यांच्या बापजन्मी त्यांनी कोंबडी बघितली नव्हती. माझी आयुष्याची कमाई त्यांच्या काही कामाची नव्हती.

तेवढ्यात खिडकीत चार्जिंगला लावलेला काकींचा फोन वाजला. सनईची रिंगटोन. लाकडांखालून एकदम पन्नास माना बाहेर आल्या. दहा-बारा पिल्लं तर पडवीच्या पायरीपर्यंत धावली.

अण्णांनी फोन घेतला. "तुझी आवस बाजारात गेली. होय. बरो आसंय. ठेव."

पिल्लं थोडा वेळ थांबली आणि परत लाकडांखाली गेली.

"अण्णा, कोणाचो फोन?"

"बाबूचो. रोज चायच्या सुट्टीत करता. ही त्याच्याशी बोलता बोलता पिल्लांका खाणा घालता."

मी उठलो. खाण्याचं भांडं घेऊन खुराड्यात शिरलो, खाली बसलो आणि घशातून काकी काढल्या.

"बाबू, जेवलंस काय रे?"

लाकडं हलली.

"काय जेवलंस? परत वडापाव? पोटाचा काय करतलंस तू?"

पिल्लं सुटली. परसातून सरळ रेषेत, अगदी रीलमध्ये हवी होती तशी. दगडावरच्या माझ्या फोनची बॅटरी तोपर्यंत संपली होती. मला मात्र आता रंग चढला.

"नि तुझो बापूस हय बसान आसा. इकडची काडी तिकडे करणा नाय. दिवसभर खुर्ची नि तो."

पडवीत अण्णा ताडकन उठले. खुर्ची भिंतीला लावली आणि झाडू हातात घेतला. "ही कधी इली?"

शेवटचं पिल्लू माझ्या मांडीवरून आत गेलं. मी रांगत बाहेर आलो, कडी घातली आणि वळलो. बेड्याजवळ, म्हणजे फाटकाशी, काकी उभ्या होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीच्या चौकटीला बांधायची फळं. किती वेळ उभ्या होत्या ते मी विचारलं नाही.

त्या खुराड्याजवळ आल्या. जाळीतून बघितलं. कडी ओढून तपासली. मग माझ्या चिखलाच्या पँटकडे बघितलं.

"माझो खोकलो रवलो," त्या म्हणाल्या. "मधी मधी मी खोकतंय."

पिल्लं सगळी वाचली. सरांना मी रिपोर्ट दिला, शिफ्टिंग सक्सेसफुल. इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती.

चतुर्थीच्या संध्याकाळी काकींचा फोन आला. "येवन तुझी पोरां घेवन जा."

तोपर्यंत पिल्लं दिवसा परसात मोकळी फिरत होती. बाबू मुंबईहून आला, गणपतीसमोर बसला आणि काकींनी त्याला समोरासमोर विचारलं, जेवलंस काय रे. मागचं दार उघडं होतं. मी पोचलो तेव्हा नव्या रंगाच्या खोलीत, गणपतीच्या पाटाखाली, सगळी पिल्लं अक्षता टिपत होती. एक उंदरावर बसलं होतं, म्हणजे मूर्तीतल्या.

"काकी, तुम्हीच परसात जावन हाक मारा ना."

"आरतीक माणसा इली. मी परसात वराडत बसू? तुका येता मा माझो आवाज?"

मी परसात गेलो. आरतीला जमलेला अर्धा गाव खिडकीत आला. मी घसा साफ केला, काकींसारखा खोकलो आणि ओरडलो, "बाबू, जेवलंस काय रे?"

पिल्लं बाहेर आली. आणि त्यांच्या मागून, आतल्या खोलीतून, सवयीने बाबूचा आवाज आला, "होय गे आये, जेवलंय."

त्या खिडकीतल्या बायकांनीच पुढच्या बॅचची नावं दिली. मी पर्मनंट झालो. ट्रेनिंगमध्ये मी आता दोन वाक्यं वाढवलीत. शिफ्टिंग अंधारातच करा, रील निघो न निघो. आणि पिल्लांना खाणं घालताना काय बोलताय ते जपून बोला, कारण ती नेमकं तेवढंच लक्षात ठेवतात.

कोंबडीचा आवाज बंद केलाय. कोणी मागतच नाही. सगळ्यांना काकी हव्या असतात, खोकल्यासकट.