काहीच गृहीत न धरणारे भाटवे

जगात कशालाच गृहीत न धरणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरात पडला. माझे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान, बुलढाण्याकडच्या चिखलीत स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवतात. पार उंद्रीपासूनची पोरं तलाठी व्हायला त्यांच्याकडे येतात आणि ‘विधान व गृहीतक’ शिकून जातात. तलाठी होतात की नाही, हा वेगळा विषय. भाटव्यांचा मंत्र एकच: ‘उलटं करून पाहा.’ गृहीतक खोटं आहे असं धरायचं. विधान कोसळलं तर ते गृहीतक गरजेचं, नाही कोसळलं तर फालतू. ‘मंडपाचा खांब काढून पाह्य बे,’ ते पोरांना सांगतात, ‘मंडप पडला तं खांब कामाचा. नाही पडला तं कोणंतरी टेकाले उभा केला होता.’ शिवाय लागतं तेवढंच धरायचं. ‘एसटी सहाची हाय म्हणून मी पाचले उठतो. याच्यात धरलं काय? पाचले उठलं तं सहाले स्टँडवर पोचता येते, एवढंच. एसटी सहाले येते हे धराची गरज नाही, अन् आपल्याकडं कोणी धरतही नाही.’

इथवर ठीक. पण हा माणूस घरी आला तरी डोक्यातला फळा पुसत नाही. ताई म्हणाली, ‘वांग्याची भाजी करून राह्यली,’ की हे लगेच, ‘म्हणजे मी खाणार हे तू धरलं. उलटं करून पाह्य.’ ताई म्हणते, ‘उलटं केलं तरी वांगंच हाय. गपचूप बसा.’

दुसरबीडच्या एका लग्नात तर कहर झाला. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं होतं. नवरीचे वडील बुंदीची परात घेऊन पंगतीत आग्रह करत फिरत होते. भाटव्यांनी त्यांना थांबवलं. ‘याच्यात गृहीतक असं, की सांगितलं नसतं तं लोकायनं आहेर आणला असता. आता उलटं करून पाहा. तुमचे पाहुणे तसेही काही आणणारच नव्हते. सूचना कोसळली.’ बुंदीची परात पुढच्या पानावर गेली आणि ते गृहस्थ पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत. ‘तर्क बरोबर होता,’ असं भाटव्यांचं आजही म्हणणं आहे.

गेल्या उन्हाळ्यात ताईच्या पोटात गाठ निघाली. बुलढाण्याला ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, ‘उघडल्यावरच कळेल.’ यावर भाटव्यांनी चकार शब्द काढला नाही, तेव्हाच मी घाबरलो. आत नेताना ताई सवयीनं म्हणाली, ‘येते हो.’ आपल्यात निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. मग त्यांचा उतरलेला चेहरा पाहून तिलाच राहवलं नाही. ‘काढा आता याचं गृहीतक,’ ती हसत म्हणाली.

भाटवे तिचा हात धरून उभे होते. म्हणाले, ‘हे उलटं करून पाहायची हिंमत नाही मले.’

गाठ साधी निघाली, ताई बरी होऊन घरी आली. पण हल्ली ती नुसती भाजी आणायला निघाली आणि ‘येते’ म्हणाली, तरी हा तर्काचा माणूस दारापर्यंत जातो, ‘हाव, ये,’ म्हणतो, आणि ती वळणाआड होईपर्यंत तिथंच उभा राहतो.