‘जमलं नाही’ला कागदावरचा शब्द सुचवा

मंडळी, आज तालुक्याला, सावलीला जाऊन हात हलवत परत आलो. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून वाचनालयाच्या या फळ्यावर लिहितो आहे.

आपल्या तळ्याकाठचे सोमा आणि तुळसा राजीखुशीनं वेगळे होताहेत. पंचांसमोर काडीमोड झाली, भांडण काहीच नाही. फक्त फारकतीचा कागद करायचा होता, म्हणून मी सोबत गेलो.

कागद लिहिणाऱ्यानं भराभर लिहून काढला. दोघांनाही वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचला. मधेच ओळ आली, ‘सदर बाईची वागणूक बरी नसल्याने’.

तुळसाचा शाई लावलेला अंगठा तसाच थांबला. “काकाजी, मी काय केलं?”

लिहिणारा म्हणाला, “बाई, रीत आहे. सगळ्यांचं असंच लिहितो. कारण लागतेच.”

सोमा म्हणाला, “मंग माह्यावर लिहा.”

“गड्याचं असं लिहीत नाहीत.”

“कोनावरच नका लिहू,” तुळसा म्हणाली. “आमचं जमलं नाई, बस. उद्या कोनी पाट लावाले, दुसरं लगन कराले आला तं हाच कागद पाह्यतीन ना.”

“जमलं नाही, हे कारण नव्हे,” म्हणत त्यानं दौत झाकली.

म्हणजे बाई वाईट ठरल्याशिवाय संसार मोडूच शकत नाही की काय?

सोमवारी आम्ही परत जाणार आहोत. ‘जमलं नाही’ यासाठी कागदावर चालेल असा शब्द कोणाला सुचतो का? खडू खाली ठेवला आहे. तुळसाला वाचून दाखवता येईल, असंच लिहा.