कटआऊट उडाला

एका जानेवारीत माझी आई दहा फूट उंच होती.

प्लायवूडची, अर्थात. माणिकपूरला आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी मी तिचा कटआऊट उभा केला होता. हातात मार्कशीट, डोळ्यांवर चष्मा, अंगावर मोरपंखी साडी. (साडी खरं तर जांभळी, पण पेंटरकडचा जांभळा रंग संपला होता.) पायाशी ठळक अक्षरं : 'सुमनताई दहावी पास!' नव्वदीच्या त्या दिवसांत चौकाचौकात पुढाऱ्यांचे कटआऊट उभे असत. त्यांच्यापैकी कुणी एकावन्नाव्या वर्षी, घरचा स्वयंपाक आटपून, बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून भूमिती सोडवल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. माझ्या आईने सोडवली होती. तेव्हा कटआऊटवर पहिला हक्क तिचा, असं माझं स्वच्छ मत होतं. आजही आहे.

तिची इंग्रजीची शिकवणी माझ्याकडे होती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, आणि ही गोष्ट मी घरात कुणाला विसरू देत नसे. आई मात्र प्रत्येक शब्द भेंडीसारखा चिरून बघायची. 'आउटस्टँडिंग'चा अर्थ विचारला तर म्हणाली, "बाहेर उभा असलेला."

"आई, शब्द असा फोडायचा नाही. मागचं-पुढचं वाक्य बघायचं. एकाच शब्दाचे छप्पन्न अर्थ असतात."

"मग त्यांनी छप्पन्न शब्द का नाही केले?"

ह्याचं उत्तर आम्हाला बी.ए.ला नव्हतं. आई इंग्रजीत दोनदा गेली आणि तिसऱ्यांदा सुटली.

सोसायटीने सत्कार ठरवला तेव्हा तिने एकच अट घातली, की दादा आल्याशिवाय करायचा नाही. दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ, माझे चिपळूणचे मामा. सातवीनंतर तिची शाळा त्यांनीच बंद केली होती. ("मुलीच्या जातीला पुरे झालं," एवढंच बोलून.) आईने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही. मला फक्त एकदा म्हणाली, "त्याने बघायला हवं रे." तेव्हाच मी ठरवलं, की मामांना मान वर करूनच बघावं लागेल असं काहीतरी करायचं.

सत्काराच्या संध्याकाळी मी मामांना आणायला स्टेशनवर निघालो, तेव्हा वारा सुटला होता आणि कटआऊट बांबूंवर कुरकुरत होता. त्याच्यावर मी दोन मोठे हॅलोजन सोडले होते. तळमजल्यावरचे अंतोनकाका आखातात वायरमन होते. निवृत्तीनंतर बिल्डिंगची वीज तेच सांभाळायचे. "एक पुरे," म्हणाले होते. पण माझी आई एका हॅलोजनची बाई नव्हती.

स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडपाशी उभा होतो, तर अंतोनकाका स्कूटरवरून समोर हजर.

"तू इथे होय? कटआऊट उडाला."

"कधी?"

"तू निघालास आणि लगेच. केवढा आवाज झाला."

"कुणाला लागलं का?"

"नाय रे. पण जळालाय. वरचं तोंड काळं ठिक्कर."

आईचं तोंड! म्हणजे वाऱ्याने उडून थेट हॅलोजनवर पडली.

"काका, आई कुठे आहे?"

"मेणबत्ती लावून बसली होती बिचारी."

(स्वतःच्या कटआऊटला मेणबत्ती लावणारी माझी आई माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला भडभडून आलं.)

"मग मी एक तार घालून कसातरी बसवला," काका म्हणाले. "आता चांगली तार घ्यायला आलोय."

म्हणजे जळक्या तोंडाची, तारेने बांधलेली आई फाटकाशी उभी होती, आणि मामा दहा मिनिटांत पोचणार होते. इतक्या वर्षांनी बहिणीकडे मान वर करून बघायचं, आणि दिसायचं काय, तर हे.

"काका, तार राहू दे. तो कटआऊट काढून टाका. जिन्याखाली ठेवा आणि वर गोणपाट घाला."

"काढू? अरे, अंधार होईल."

"माझ्या डोळ्यांपुढे झालाच आहे."

"आणि कार्यक्रम?"

"कार्यक्रम होईल. पण तो कटआऊट मामांना दिसता कामा नये."

काकांनी स्कूटरला किक मारली. "गोणपाट कशाला ते कळलं नाय," म्हणाले, "पण तुझ्या आईचा कार्यक्रम, तू म्हणशील तसं." आणि स्कूटर वळवून गेले.

मामांना घेऊन रिक्षा आमच्या गल्लीत वळली. आजूबाजूच्या बिल्डिंगी झगमगत होत्या आणि आमची तेवढी काळीकुट्ट. आवारात पन्नास-साठ माणसं मेणबत्त्या घेऊन बसलेली. फाटकाशी आई आणि अंतोनकाका.

"काका, लाइट कुठे गेली?"

"जिन्याखाली. तूच सांगितलंस ना कटआऊट काढायला? गोणपाटपण घातलंय."

मी जिन्याखाली जाऊन गोणपाट उचललं. खाली चिनी मातीचा, मुठीएवढा फ्यूज होता. त्याला वीजवाले कटआऊट म्हणतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्याच दोन हॅलोजननी तो उडवला होता, आणि प्लायवूडची आई जागची हललीही नव्हती.

मी परत आलो तोवर मामांनी पिशवीतून बॅटरी काढली होती. (कोकणातला माणूस बॅटरीशिवाय घर सोडत नाही.) त्यांना फाटकाशी काहीतरी प्रचंड उभं आहे एवढंच दिसत होतं. झोत हळूहळू वर चढला. चपला, मोरपंखी काठ, मार्कशीट, चष्मा.

"ही कोण?" मामांनी विचारलं.

शेजारून, अंधारातून आई म्हणाली, "मी, दादा."

झोत पुन्हा खाली आला, अक्षरांवरून सावकाश फिरला आणि परत चेहऱ्यावर गेला. मामांची मान पार मागे गेली होती.

"सुमे," ते म्हणाले, "एवढी मोठी कधी झालीस गो?"

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींचा अभिमान बाळगला, पण त्या मिनिटाएवढा कशाचाच नाही. हॅलोजन लागले असते तर मी रडताना सगळ्यांना दिसलो असतो.

काकांनी फ्यूज बसवला आणि एकच हॅलोजन लावला. काय गोंधळ झाला ते मी आईला सांगितलं. ती डोळे पुसतापुसता हसायला लागली. "बी.ए.," म्हणाली, "मागचं-पुढचं वाक्य बघायचं असतं ना?" तेवढ्यात वाऱ्याने प्लायवूड कर्रकन वाजला. "आता हा खरंच उडेल. धर."

त्यामुळे सत्कार मी पाहिला नाही. मी फाटकाबाहेर प्लायवूडच्या आईचे गुडघे मागून मिठीत धरून उभा होतो. आत मामांनी तिला शाल घातली, हे मला टाळ्यांवरून कळलं. मग माइकवर कुणीतरी विचारलं, "ताई, तुम्हाला इंग्रजी शिकवणारा मुलगा दिसत नाही तो?"

आईने घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत इंग्रजी बोलली.

"माय सन इज आउटस्टँडिंग."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तिने अर्थ कुठला घेतला होता, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. मागचं-पुढचं वाक्य बघावं, तर मी बाहेर उभा होतो.