पाचवा उद्गार आणि पेलाभर ताक

लोक साक्ष द्यायला उभे राहतात, प्रभूने माझं ऐकलं म्हणून सांगतात, तेव्हा मी मान डोलवते. पण आत एक किडा वळवळतोच. खरंच ऐकलं, की आपोआप जमलं आणि नाव देवाचं झालं? माझा स्वभावच असा संशयी. बाजारात वांगीसुद्धा मी उलटीसुलटी करून घेते. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगते, अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला एका सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी तोंडात राहीना. आरशात बघितलं, तर डावी बाजू खाली ओघळलेली, डोळा मिटत नव्हता. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, सावकाश सुधारेल. सावकाश म्हणजे किती, ते काही सांगेनात. मी कोडोलीची लेक, लग्न होऊन कोल्हापुरात आले ती इथलीच झाले. मालक देवाघरी गेले, मुलगी तिच्या घरी. एकटीच असते. गल्लीत कुणाचं लेकरू तापलं, कुणाची सून अडली, की मला बोलावतात. मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते. जात-धर्म कुणी विचारत नाही, मीही नाही.

आमच्या भिंतीला लागून हौसाबाईचा गोठा. चार घरं ऐकतील असाच तिचा आवाज. दूध घ्यायला गेले, तर सगळ्या बायांसमोर म्हणाली, "काय वो काकू, गल्लीभर लोकांच्या डोक्यावर हात ठिवतासा. आता सोताच्या तोंडावर ठिवा की."

सगळ्या हसल्या. मीही हसायला गेले, पण वाकड्या तोंडानं हसणं काय ते तुम्हीच समजा. दूध घेऊन घरी आले. ते बोलणं मला नवं नव्हतं ना! वधस्तंभाखाली उभे राहून लोक प्रभूलाही हेच म्हणाले होते, दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवता येत नाही. इतकी वर्षं ते मी दुसऱ्याच्या दुःखाचं म्हणून वाचलं होतं. आता ते दारात येऊन उभं राहिलं, आणि मला देवाचाच संशय आला. तू बघतोस ना, की तूही त्यांच्यात उभा राहून हसतोस?

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला भर दुपारी तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावरचे प्रभूचे सात उद्गार सातजण वाचतात, त्यावर दोन शब्द बोलतात. पाचवा कित्येक वर्षं माझ्याकडे: 'मला तहान लागली आहे.' चर्चचे पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला, आणि हळूच म्हणाले, यंदा तुम्ही विश्रांती घ्या. मला वाटलं, हे माझी काळजी करत नाहीत, लोक हसतील म्हणून भितात. मी हट्टाला पेटले. वाचीन तर मीच. ते सुटलं असतं, तर माझ्याजवळ राहिलं तरी काय असतं?

मग रोज मागच्या पडवीत बसून मोठ्यानं सराव सुरू केला. 'मला' म्हणताना ओठ मिटायचे नाहीत, 'म' निसटून जायचा. परत म्हणायचं, परत निसटायचा.

त्याच दिवसांत उंबऱ्यावर ताकाचा तांब्या दिसायला लागला. हौसाबाईचाच, ओळखू आला. आंबट ढाण वास! आधी तोंडावर हसायचं आणि मग म्हशीला घालायचं उरलंसुरलं ताक माझ्या दारात ठेवायचं? का पिताना माझं तोंड गळतं, तेही बघायचंय हिला? मी ते कढीपत्त्याच्या मुळाशी ओतत राहिले. रिकामा तांब्या धुऊन भिंतीवर ठेवायचा, बोलायचं नाही.

शुक्रवारी घशाला कोरड पडली होती. चारचौघांत पाणी हनुवटीवरून ओघळेल म्हणून सकाळपासून मी घोटभरही घेतलं नव्हतं. डोळ्यावर पट्टी बांधून उन्हातून चालत चर्चला गेले. माझी पाळी आली. वर उभी राहून बघते, तर शेवटच्या बाकावर, दाराशी, पदर डोक्यावर घेऊन हौसाबाई. ही कधी चर्चची पायरी चढली नव्हती. मनात म्हटलं, आली तमाशा बघायला.

मी वाचलं. 'म' निसटलाच. तरुण पोरींच्या बाकावरून एक हसू फुटलं आणि दबलं. मी पुन्हा म्हटलं, मला तहान लागली आहे. घशातून नुसती खरखर आली.

तेवढ्यात हौसाबाई उठली. हातात कोल्ड्रिंकची जुनी बाटली आणि पेला. ही सरळ मधल्या वाटेनं पुढं आली. इथं मधेच कुणी उठत नाही, बोलत नाही, हे तिला कोण सांगणार?

"रोज भिताडापलीकडनं वरडतासा, तान लागलीया, तान लागलीया. दारात ताक ठिवलं तर प्याला न्हाईसा. ह्या उनात मरायचं हाय व्हय?"

आता मात्र सगळंच चर्च हसलं. पाळकसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले. मी तिला सांगू शकले असते, की बाई, हे माझं नव्हे, त्याचं वाक्य आहे. पण घसा कुणाचा सुकला होता? ती चुकली नव्हती. मी पेला घेतला. ताक आंबट होतं, खारट होतं. डाव्या बाजूनं ओघळलं, साडीवर पडलं. तिनं आपल्या पदरानं माझी हनुवटी पुसली, लेकराची पुसावी तशी. हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. सहावा उद्गार ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ उभे राहिले आणि वाचू लागले.

एका शुभवर्तमानात शिपाई थट्टा करत प्रभूला आंबट द्राक्षारस देतात. दुसऱ्यात तो स्वतः तहान लागली म्हणतो, कुणीतरी त्याच आंबट रसात भिजवलेला स्पंज वर करतं, आणि तो घेतो. देणारा हसत होता की कळवळत होता, हे तिथं लिहिलेलं नाही. त्यानं विचारलंही नाही. मी मात्र तांब्यामागून तांब्या झाडाला घातला, देणारीचं मन तपासत बसले.

संशय गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. वांगी मी अजून उलटीसुलटी करूनच घेते. तोंडही पुरतं सरळ झालेलं नाही. पण देवानं मला उत्तर पाठवलं ते हसणाऱ्याच हातातून, एवढं मी मानते, आणि त्याचे आभार मानते. कोणत्या हातानं द्यायचं हे त्याच्याकडे. आपण फक्त तोंड उघडायचं, गळलं तर गळू द्यायचं.

काल सकाळी हौसाबाई ताकाचा तांब्या घेऊन भिंतीवरून डोकावली. "काकू, अजून वाकडंच की वो तोंड."

मी पेला पुढं केला.